गाण्याचा अर्थ कसा लावावा: शब्द, साक्षीदार आणि उरलेला धागा

सोलापुरात आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकत्र बसून जुनी मराठी गाणी ऐकतो आणि त्यांच्या अर्थावर बोलतो. बैठकीत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत नोकरी केलेले आहेत, आणि सारे आयुष्य विणकामाच्या मागावर घालवलेले शहराच्या पूर्व भागातले एक वयस्कर गृहस्थही आहेत. एकदा ग. दि. माडगूळकरांचे ‘एक धागा सुखाचा, शंभर धागे दुःखाचे’ लावले होते. १९६० सालच्या ‘जगाच्या पाठीवर’ या चित्रपटातले, सुधीर फडके यांनी गायलेले हे गाणे कानावरून गेले नाही असा मराठी माणूस विरळा. गाणे संपले तेव्हा मी सवयीने सांगून टाकले की आयुष्यात सुख थोडे आणि दुःख फार, एवढाच याचा अर्थ आहे. त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सर, एकशे एक धाग्यांत कापड होत नसतंय. साध्या चादरीच्या ताण्यालाच हजारावर धागे लागतात." सगळे हसले. मीही हसलो, पण घरी परतताना लक्षात आले की मी गाण्याविषयी पूर्वी ऐकलेले मत सांगितले होते आणि त्यांनी गाण्यातले शब्द पाहिले होते.

गाण्याला एकच बरोबर अर्थ असतो का, हा प्रश्न त्यानंतर आमच्याकडे वारंवार निघत राहिला. त्याची दोन उत्तरे सर्वांना पाठ असतात. कवीच्या मनात होते तेच खरे, बाकीचे सगळे कल्पनेचे खेळ, असे एक पक्ष म्हणतो. ज्याला जे वाटेल तो त्याचा अर्थ, असे दुसरा म्हणतो. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे आळसातून आलेली आहेत, कारण दोन्हींत गाणे वाचण्याचे कष्ट वाचतात: पहिल्यात कवीची एखादी मुलाखत पुरते आणि दुसऱ्यात स्वतःचे मन. गाण्यात एकाहून अधिक अर्थ टिकू शकतात, पण लावलेला प्रत्येक अर्थ टिकतो असे मात्र नाही. म्हणून ‘बरोबर अर्थ कोणता’ याऐवजी ‘हा अर्थ या शब्दांपुढे टिकतो का’ असे विचारावे. ते कसे विचारायचे याची जी रीत आमच्या बैठकीत चुकतमाकत ठरत गेली, ती येथे मांडली आहे. तिच्यासाठी एक वही, पेन्सिल, गाण्याचे ध्वनिमुद्रण, जमल्यास छापील संहिता, चांगला शब्दकोश आणि तासभर वेळ एवढेच लागते.

आधी गाणे पूर्ण आणि नेमके मिळवावे

पहिल्या वेळी गाणे नुसते ऐकावे, दुसऱ्या वेळी ऐकताना लिहून घ्यावे आणि तिसऱ्या वेळी लिहिलेले ताडून पाहावे. हे काम बाळबोध वाटते, परंतु अर्थाची निम्मी भांडणे येथेच मिटतात, कारण भांडणारे दोघे बहुधा वेगवेगळे शब्द ऐकत असतात. आपल्या सोलापूरचेच शाहीर रामजोशी यांच्या ‘सुंदरा मनामधि भरली’ या लावणीत ‘मोत्याचा भांग’ असे शब्द येतात. आमच्याकडे आलेल्या एका महाविद्यालयीन मुलाने त्यावरून नशेचा सगळा प्रसंग उभा केला होता. केसांत मधोमध पाडलेल्या आणि मोत्यांनी सजवलेल्या भांगाची त्याला कल्पनाच नव्हती. त्याने रचलेला अर्थ मोठा चतुर होता हे मान्य करावे लागेल, पण तो त्या लावणीचा नव्हता. अशा वेळी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा मोल्सवर्थचा कोश उघडावा; ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला माहीत आहे असे वाटते, तोच शब्द आधी पाहावा.

गाणे पूर्ण मिळवण्याचे आणखी एक कारण आहे. जुन्या ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे, त्यामुळे कवितेतली कडवी गळणे ही त्या काळी नित्याची गोष्ट होती. पुढे तबकड्या बदलल्या, पण आपली ऐकण्याची सवय ध्रुवपद आणि पहिले कडवे यांच्या पुढे फारशी गेली नाही. कवी ग्रेस यांचे ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ हे १९८९ सालच्या ‘निवडुंग’ चित्रपटात हृदयनाथ मंगेशकरांच्या आवाजात आलेले गाणे अनेक जण प्रेयसीच्या विरहाचे म्हणून ऐकतात. कविता पुढे वाचली की ‘ती आई होती म्हणुनी’ असे शब्द स्वच्छ येतात आणि त्यापाठोपाठ बालपण संपल्याची जाणीव येते. प्रेयसीचा अर्थ तेथेच पडतो. तरीही गाण्याला एकच अर्थ उरला असे म्हणता येत नाही, कारण मराठीतले ‘गेली’ हे क्रियापद घर सोडून जाणाऱ्या माणसालाही लागते आणि देह सोडून जाणाऱ्यालाही. ती आई वारली की निघून गेली, हे त्या एका शब्दाने उघडे ठेवले आहे, आणि ते बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही. एक अर्थ निश्चित चूक ठरावा आणि दोन अर्थ शिल्लक राहावेत, असे बहुतेक चांगल्या गाण्यांत घडते.

कोण बोलते, कोणाशी, आणि शेवटी काय म्हणते

शब्द हाती आले की वहीत तीन प्रश्न लिहावेत: बोलणारे कोण, ऐकणारे कोण, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्यांच्यात काय बदलले. गाणे सुरू झाले की आपण पहिल्या संबोधनावरून या प्रश्नांची उत्तरे ठरवून टाकतो आणि मग पुढचे शब्द त्या साच्यात कोंबतो.

शान्ता शेळके यांचे ‘जिवलगा, राहिले रे दूर घर माझे’ हे हृदयनाथांनी स्वरबद्ध केलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले गाणे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘जिवलगा’ या हाकेवरून ते प्रेमगीत ठरते, आणि प्रेमगीत म्हणून ते बरेच अंतर चालतेही: पाऊल थकले आहे, डोक्यावरचे ओझे जड झाले आहे, सांज दाटून येत आहे. मग ‘घटकेची सुटे सराई’ असे शब्द येतात. आमच्यातल्या एका तरुण मुलीने ‘लग्नसराई’तली सराई, म्हणजे हंगाम, असा अर्थ घेतला होता. तो कोशाच्या दृष्टीने चुकीचा नाही, परंतु लगेच पुढे ‘मिटले दरवाजे’ असे आहे आणि हंगामाला दरवाजे नसतात. म्हणजे ही सराई प्रवाशांच्या मुक्कामाची धर्मशाळाच होय. शेजारचा शब्द असा साक्षीला उभा राहतो. आणि शेवटच्या कडव्यात त्या जिवलगाला ‘तूच एकला नाथ अनाथा, महिमा तव गाजे’ असे म्हटले आहे. माणसाला कोणी असे म्हणत नाही. येथपर्यंत आल्यावर मागे वळून पाहिले की ओझे, सराई आणि दूर राहिलेले घर या सगळ्यांना दुसरा रंग चढतो आणि गाणे परमेश्वराला घातलेली हाक होते. प्रेमगीताचा अर्थ यामुळे खोटा ठरतो का? मला वाटते, तो खोटा ठरत नाही, पण दुय्यम ठरतो. विरहिणीच्या तोंडून भक्ती बोलण्याची रीत मराठीत ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांइतकी जुनी आहे, आणि ती रीत चालते ती पहिला अर्थ जिवंत ठेवूनच.

सुरुवात आणि शेवट जुळवून पाहण्याची ही युक्ती आमची नव्हे. ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याची, वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी सांगितलेली खूणगाठ लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त चर्चिली आहे: उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. सहाही कसोट्या गाण्याला लावण्याचा अट्टहास करू नये, कारण त्या कर्मकांडाच्या आणि शास्त्राच्या ग्रंथांसाठी घडल्या आहेत. परंतु उपक्रम-उपसंहार आणि अभ्यास या दोन गाण्याला अशा बसतात की त्या गाण्यासाठीच केल्या असाव्यात. अभ्यास म्हणजे पुनरावृत्ती, आणि गाण्यात पुनरावृत्तीची जागा ठरलेलीच असते: ध्रुवपद. ध्रुवपदाचे शब्द दर वेळी तेच असतात, पण दर कडव्यानंतर त्यांचा अर्थ थोडा सरकतो. म्हणून वहीत ध्रुवपद एकदाच न लिहिता प्रत्येक कडव्याखाली पुन्हा लिहावे आणि समोर त्या वेळचा अर्थ एका ओळीत टिपावा. तीन कडव्यांनंतर तीन वेगळी टिपणे झाली तर गाण्यात काही घडले आहे; तीनही वेळा तेच टिपण झाले तर एक तर गाणे स्थिर आहे किंवा आपण झोपलो होतो.

बाहेरची माहिती साक्षीदार म्हणून बोलवावी, न्यायाधीश म्हणून नव्हे

शब्दांचे काम झाल्यानंतरच कवी, काळ आणि प्रसंग यांची माहिती घ्यावी. हा क्रम उलटला की शब्द कोणी वाचत नाही. व्हॉट्सॲपवर ‘या गाण्यामागची खरी कथा’ म्हणून जे फिरते, त्यातले पुष्कळसे या उलट्या क्रमाचे फळ असते. माझा एक खाजगी नियम आहे: गाण्यापेक्षा गाण्यामागची कथा अधिक रडवत असेल तर कथेवर संशय घ्यावा.

पण माहितीशिवाय भागतच नाही अशीही गाणी असतात. सोलापूरचे कवी कुंजविहारी यांच्या ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ या गीताचे नुसते ध्रुवपद ऐकणाऱ्या मुलाला ते नऊ महिन्यांचा तुरुंगवास भोगून परत येणाऱ्या मुलाचे आश्वासन वाटते. फाशी जाणारा तरुण आईचा निरोप घेत आहे आणि पुन्हा तिच्याच उदरी जन्म घेईन असे सांगत आहे, हे कळले की ‘नऊ महिने’ या दोन शब्दांचा भार एकदम बदलतो. येथे तुरुंगवासाचा अर्थ हा वेगळा दृष्टिकोन नव्हे, ती सरळ चूक आहे. मात्र सोलापूरचा माणूस येथे आणखी एक पाऊल टाकतो. या शहराने १९३० साली मार्शल लॉ पाहिला आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा हे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. त्यामुळे आमच्याकडे हे गीत सुरू झाले की चार पुतळे आपोआप डोळ्यांपुढे येतात. ध्रुवपदात मात्र गावाचे नाव नाही आणि माणसाचेही नाही. म्हणजे तो जोड शहराच्या आठवणीतून येतो. तो मोलाचा आहे, परंतु वहीत तो वेगळ्या रकान्यात लिहावा, आणि दुसऱ्या जिल्ह्यातला श्रोता तेथे दुसऱ्या हुतात्म्याचे नाव घेऊ लागला तर त्याला चूक म्हणू नये.

संतांच्या रचनांत बाहेरच्या माहितीची एक किल्ली रचनेच्या आतच बसवलेली असते, ती म्हणजे नाममुद्रा, रचनेत गुंफलेले कवीचे किंवा त्याच्या देवाचे नाव. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या कन्नड वचनांत ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही मुद्रा येते आणि वचन कोणापुढे उच्चारले आहे ते सांगून जाते. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेच्या ‘नको देवराया अंत आता पाहू’ या अभंगात शेवटी तिचे स्वतःचे नाव येते. हा अभंग आज कोणत्याही संकटात सापडलेला माणूस आपला म्हणून गातो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु बिदरच्या बादशहाने तिला बोलावणे पाठवले आणि तिने पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला, ही परंपरेने सांगितलेली हकिकत ठाऊक असेल तर ‘हरिणीचे पाडस व्याघ्रे धरियेले’ ही ओळ संसाराच्या तापाचे सर्वसाधारण रूपक राहत नाही. वाघाला चेहरा येतो. हरिणीचे पाडसच का, गाईचे वासरू का नाही, याचेही उत्तर मग मिळते: हे रानात एकटे सापडलेले, कोणी राखणदार नसलेले पिल्लू आहे. दोन्ही अर्थ टिकतात, परंतु दुसरा अधिक शब्दांना कामाला लावतो, म्हणून मी तो वरचा मानतो.

चोखोबांच्या नावाने गायिल्या जाणाऱ्या ‘अबीर गुलाल उधळीत रंग’ या अभंगात माहिती उलट अडचण उभी करते. पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या आवाजात तो घरोघरी पोहोचला आणि रंगपंचमीला हमखास लावला जातो. पहिल्याच ओळीत ‘नाथा घरी नाचे’ असे येते. नाथ म्हणजे पैठणचे एकनाथ महाराज असे धरले तर काळ जुळत नाही, कारण चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून गेले आणि एकनाथ सोळाव्या शतकातले. मग ‘नाथ’ वेगळा असावा, किंवा ओळ नंतरची असावी, किंवा संबंध रचनाच दुसऱ्या कोणाची असावी. यांपैकी जे मानावे त्याप्रमाणे बोलणारा बदलतो. परंतु त्याच गाण्यात पुढे ‘उंबरठ्यासी कैसे शिवू’ असा प्रश्न आहे, आणि रचनाकार कोणीही असला तरी हा प्रश्न देवळाबाहेर पायरीशी उभ्या असलेल्या माणसाचा आहे. रंगपंचमीच्या गोंगाटात हा प्रश्न कोणाला ऐकू येत नाही. या अभंगाला निव्वळ आनंदाचे गाणे म्हणणे मला कवीच्या नावाच्या घोळापेक्षा मोठी चूक वाटते.

कवीखेरीज गायकाचे आयुष्यही अर्थात शिरते. पी. सावळाराम यांनी लिहिलेले आणि वसंत प्रभूंनी स्वरबद्ध केलेले ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ हे गाणे लता मंगेशकरांच्या आवाजात ऐकताना १९४२ साली गेलेल्या मास्टर दीनानाथांची आठवण न येणारा श्रोता माझ्या पाहण्यात नाही. शब्दांत मात्र एक बाबा आहेत आणि एक कन्या आहे, नाव कोणाचेच नाही. हीच संहिता दुसऱ्या गळ्यातून आली असती तर ती दुसऱ्या घरची झाली असती.

ध्वनी ऐकावा, पण मनातला नव्हे

आता ज्याला आपण सहज ‘दडलेला अर्थ’ म्हणतो त्याकडे यावे. जुन्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: अभिधा म्हणजे सरळ अर्थ (वाच्यार्थ) सांगणारी, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ बसत नसेल तेव्हा त्याच्याशी जोडलेला अर्थ देणारी, आणि व्यंजना म्हणजे न सांगता सुचवलेला अर्थ (व्यंग्यार्थ) देणारी. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने व्यंजनेतून उमटणाऱ्या अर्थाला, म्हणजे ‘ध्वनी’ला, काव्याचा आत्मा ठरवले, आणि पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘सूर्य मावळला’ या साध्या वाक्यावर तिची मौज दाखवली. हे एक वाक्य ऐकून गुराखी गुरे वळवतो, संध्या करणारा आसनाकडे निघतो, प्रियकराला भेटायला निघणारी अभिसारिका तयारी करते, आणि उन्हाने पोळलेला माणूस ताप सरला म्हणून सुस्कारा टाकतो. मे महिन्यातल्या सोलापूरकराला हा शेवटचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अर्थ अनेक झाले, पण ते मनाला येतील तसे झालेले नाहीत: प्रत्येक अर्थामागे ऐकणाऱ्याची एक विशिष्ट स्थिती आहे, आणि सूर्य मावळला हे मूळ विधान प्रत्येकात शाबूत आहे. ते वाक्य ऐकून कोणी अंगणात सकाळचा सडा घालू लागला तर त्याला रसिक म्हणता येणार नाही.

यावरून कसोटी अशी निघते की व्यंग्यार्थ सांगताना आधी वाच्यार्थ सांगता आला पाहिजे आणि तो व्यंग्यार्थाखाली मोडून पडता कामा नये. एकनाथांच्या ‘विंचू चावला’ या भारुडात कवीने स्वतःच काम-क्रोधाचा विंचू म्हणून सांगून टाकले आहे, तरीही भारूड रंगते ते खरा विंचू चावल्यासारखी आरोळी ठोकणाऱ्यामुळेच.

चालीचा विचारही येथेच करावा. गायक कोठे श्वास घेतो, कोणता शब्द लांबवतो आणि कोणत्या शब्दावर सम येते, हे अर्थाचे विधान असते. मैफलीत एकटा गायक ‘नको देवराया’ आळवतो तेव्हा ती एका जिवाची विनवणी असते. आमच्या गल्लीतले भजनी मंडळ टाळ-मृदंगावर तोच अभंग घोळून म्हणते तेव्हा ‘मी’ या शब्दात वीस माणसे उभी राहतात. अर्थ लावताना कोणते गायन ऐकले ते वहीत नोंदवावे.

लोकगीतांसाठी यातला बराचसा उपद्व्याप सोडून द्यावा, कारण तेथे कवी एक नसतो आणि पाठही एक नसतो. हादग्याच्या ‘कारल्याचा वेल लाव गं सुने’ या गाण्यात सून माहेरी जाऊ द्या म्हणते आणि सासू दर वेळी नवी अट घालते: वेल लागू दे, कारले येऊ दे. फेर धरणाऱ्या मुलींसाठी तो लांबत जाणारा खेळ असतो आणि कडेला बसलेल्या त्यांच्या आज्यांसाठी ती वर्षानुवर्षांची अडवणूक असते. दोघींना विचारावे आणि दोन्ही लिहावे.

उरलेले शब्द मोजावेत

शेवटची कसोटी सर्वांत कामाची आहे. आपल्याला लागलेला अर्थ एका वाक्यात लिहावा आणि मग गाण्यातले जे शब्द त्या वाक्याला आधार देतात त्यांच्याखाली रेघ ओढावी. रेघ न पडलेले शब्द बाजूला उतरवून घ्यावेत. ज्या अर्थात गाण्यातले अर्धेअधिक शब्द बिनकामाचे उरतात, तो अर्थ चुकीचा नसला तरी पातळ असतो. दोन अर्थांत निवड करायची असेल तर ज्याच्या हाती कमी शब्द उरतात त्याला झुकते माप द्यावे. एखादा अर्थ गाण्यातल्या एखाद्या शब्दाच्या सरळ विरोधात जात असेल तर तो कितीही आवडता असला तरी खोडावा. हे खोडणे जड जाते, म्हणून पेन्सिल वापरावी असे वर म्हटले.

त्या चादरीवाल्या गृहस्थांच्या आक्षेपानंतर पुढच्या महिन्यात आम्ही ‘एक धागा सुखाचा’ या रीतीने पुन्हा घेतले. माझे वाक्य होते, ‘आयुष्यात सुख थोडे आणि दुःख फार’. त्याखाली रेघ पडली ती एक, शंभर, सुख आणि दुःख एवढ्या शब्दांखाली. धागा, वस्त्र, बालपणाची अंगडी, तरुणपणाची रंगीत वसने, वार्धक्याची जीर्ण शाल आणि ‘हात विणकऱ्याचे’ हे सगळे बाहेर राहिले. एवढे गाणे बाहेर ठेवून मी अर्थ सांगत होतो, याची मला लाज वाटली.

गृहस्थांनी मग आपले शब्द उचलायला सुरुवात केली. ‘एकसारखी नसती दोन’ या शब्दांवर ते म्हणाले की हा हातमागच असला पाहिजे, कारण नक्षी विणणाऱ्या जेकार्ड यंत्राला एकदा नक्षीची कार्डे चढवली की शंभर चादरी एकसारख्याच निघतात. हे सर्वांना पटले. नंतर ‘कुणा न दिसले त्रिखंडात त्या हात विणकऱ्याचे’ या ओळीवर ते म्हणाले, "ही आमचीच गोष्ट आहे सर. गिऱ्हाईक चादर बघतंय, हात कोण बघतंय?" बैठक काही क्षण गप्प झाली. तरीही मी विरोध केला, कारण त्याच कडव्यात ‘या वस्त्राते विणतो कोण’ असा प्रश्न आहे, आणि ज्याला विणकराचा पत्ताच नाही तो सोलापूरच्या विणकराविषयी बोलत नसणार. तो दैवाविषयी किंवा देवाविषयी बोलत आहे. शेवटी आम्ही वहीत दोन रकाने केले, एक ‘अर्थ’ म्हणून आणि दुसरा ‘लागू पडते’ म्हणून, आणि त्यांचे वाक्य दुसऱ्या रकान्यात लिहिले. ते नाराज झाले नाहीत. "लागू पडतंय ना, मग झालं," एवढेच म्हणाले.

पण ‘जरतारी’ हा शब्द अजून कोणाच्याच हाती लागला नव्हता. शंभर धागे दुःखाचे असलेल्या कापडाला कवी जरतारी का म्हणतो? एकाने उपरोध सुचवला, दुसऱ्याने यमकाची आणि वृत्ताची गरज. गृहस्थांनी वही आपल्याकडे ओढली आणि म्हणाले, "जर सगळ्या कापडात नसतीय सर. शंभर सुतांत एखादी तार असतीय. पण त्या एका तारेवर अख्ख्या लुगड्याला जरतारी म्हणतात." म्हणजे जो एक धागा सुखाचा, तोच जरीचा. माझ्या वाक्यातले प्रमाण तसेच राहिले, पण तोल पूर्ण फिरला: कापडाला नाव मिळते ते शंभरांवरून नव्हे, एकावरून. माडगूळकरांना हे अभिप्रेत होते का, असे एकाने विचारले. ते १९७७ साली गेले. आणि ते हयात असते तरी आम्ही त्यांचे उत्तर साक्ष म्हणूनच लिहून घेतले असते.

बँकेतल्या सभासदांनी एक खरा आक्षेप घेतला: शेवटी तर जीर्ण शालच उरते, मग जरीचे काय झाले? त्यावर गृहस्थांनी विचारले की जुनी जरीची लुगडी विकत घेणारे दारावर येतात ते कशासाठी येतात. सूत विरते, रेशीम फाटते, पण जरीतल्या चांदीचे पैसे येतात. मग त्यांनी पेन्सिल घेऊन त्या ओळीतल्या आणखी एका शब्दाखाली रेघ ओढली, जो तोपर्यंत आमच्यापैकी कोणाच्याही अर्थात बसला नव्हता. जीर्ण शालीला कवीने वार्धक्याचे ‘लेणे’ म्हटले आहे.